डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये स्वतःचा मंत्र कसा घडवावा: कोणते नियम पाळायचे, कोणते तक्ते वाकवायचे

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळात घरी बनवलेला मंत्र बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. जे नियम आहेत त्यांना सूचना समजून सूट दिली जाते, आणि ज्या निव्वळ सूचना आहेत त्या नियम समजून डोळे झाकून पाळल्या जातात. डॅमेज तक्त्यात बसतंय ना, मग मंत्र ठीक आहे, असं म्हणून डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मंजुरी देतो. त्याच मंत्राला कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लागणारी एकाग्रता) नाही, दर टर्नला पुन्हा सेव्ह (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) नाही, हे कुणी पाहतच नाही. मग दोन-तीन सत्रांत टेबलावर बाकीचे मंत्र मागे पडतात आणि सगळे स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) त्या एकाच मंत्रावर खर्च व्हायला लागतात.

पुढची सगळी आकडेमोड पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांवर आहे. २०२४च्या पुस्तकांनी खेळत असाल तर पायऱ्या याच राहतील, पण तुलनेचे आकडे त्या पुस्तकांतून घ्या. लेखात ‘पातळी’ म्हणजे मंत्राची आणि ‘लेव्हल’ म्हणजे पात्राची. या दोन्हींची गल्लत नव्या डीएमकडून हमखास होते. तिसऱ्या पातळीचा मंत्र विझार्डला पाचव्या लेव्हलला मिळतो, तिसऱ्या नाही.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

एकच आवृत्ती ठरवा. २०१४मध्ये ‘क्युअर वून्ड्स’ १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेवरून मिळणारी बेरीज) बरं करतो, २०२४मध्ये २डी८ अधिक मॉडिफायर. बरं करणारा मंत्र बनवताना एका पुस्तकाचा तक्ता आणि दुसऱ्या पुस्तकाचा मंत्र शेजारी ठेवलात, तर उत्तर पहिल्याच पायरीला चुकेल. पुस्तकं विकत घेतलेली नसली तरी अडत नाही. एसआरडी ५.१ (२०१४च्या नियमांचा प्रकाशकांनी खुला केलेला भाग) जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे आणि तुलनेला लागणारे बहुतेक मंत्र त्यात आहेत.

फाशांच्या सरासऱ्या पाठ करा. डी४ म्हणजे २.५, डी६ म्हणजे ३.५, डी८ म्हणजे ४.५, डी१० म्हणजे ५.५, डी१२ म्हणजे ६.५. फाशांची संख्या गुणिले सरासरी एवढंच करायचं. ८डी६ म्हणजे २८, ३डी८ म्हणजे १३.५.

तुमच्या टेबलाचे आकडे काढा. मंत्र टाकणाऱ्या पात्राचा सेव्ह डीसी (सेव्ह साधायला लागणारा किमान आकडा) म्हणजे ८ अधिक प्रोफिशियन्सी बोनस अधिक संबंधित ॲबिलिटीचा मॉडिफायर. तिसऱ्या लेव्हलचा, इंटेलिजन्स १६ असलेला विझार्ड असेल तर ८ + २ + ३ = १३. शिवाय येत्या काही सत्रांत जे मॉन्स्टर येणार आहेत त्यांचे सेव्ह बोनस आणि हिट पॉइंट एका कागदावर उतरवा.

खेळाडूची कल्पना त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. या लेखासाठी एक नमुना घेऊ. विझार्ड खेळणारा खेळाडू म्हणतो, शत्रूंच्या तोंडावर तापलेल्या काजळीचा स्फोट व्हावा, भाजावं आणि डोळे जावेत. त्याने आणलेला पहिला मसुदा असा:

> काजळी. दुसरी पातळी. १ ॲक्शन. पल्ला १२० फूट. २० फूट त्रिज्येच्या गोलात स्फोट. कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. फसला तर ४डी६ फायर डॅमेज आणि १ मिनिट ब्लाइंडेड. साधला तर निम्मं डॅमेज.

वाचायला निरुपद्रवी वाटतो. दुसऱ्या पातळीला अनेक लक्ष्यांवर ४डी६ हा तक्त्यातलाच आकडा आहे. तरीही मंत्र मंजूर करण्याजोगा नाही. का, ते पुढच्या टप्प्यांत दिसेल.

## टप्पा १: नियम आणि सूचना वेगळ्या करा

कागदाचे दोन भाग करा.

डावीकडे नियम. एका वेळी एकाच मंत्रावर कॉन्सन्ट्रेशन. डॅमेज बसलं की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, यांतला मोठा. बोनस ॲक्शनचा (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीचा) मंत्र टाकला तर त्याच टर्नमध्ये दुसरा मंत्र म्हणून फक्त १ ॲक्शनचा कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा मंत्र). व्हर्बल घटक असेल तर आवाज काढता आला पाहिजे, सोमॅटिक असेल तर एक हात मोकळा हवा. लक्ष्य पूर्ण आडोशामागे असेल तर मंत्र तिथे पोहोचत नाही. हे सगळं खेळताना टेबलावर रोज लागू होतं, आणि बाकीचे सगळे मंत्र याच चौकटीवर तोललेले आहेत.

उजवीकडे सूचना. यात पातळीनुसार डॅमेजचा तक्ता, क्षेत्रात किती लक्ष्यं सापडतील याचा अंदाज आणि कुठल्या क्लासला कसले मंत्र शोभतात हे येतं. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये मंत्र बनवण्याबद्दल जे आहे ते या उजव्या भागात जातं. आर्स मॅजिकासारख्या खेळात पल्ला, कालावधी आणि लक्ष्य वाढवलं की मंत्राची पातळी किती चढते हे मोजून दिलेलं असतं, त्यामुळे खेळाडू स्वतः हिशोब करून नवा मंत्र सिद्ध करू शकतो. डी अँड डीत तसा हिशोबच नाही. इथे शेवटचा शब्द तुलनेचा आणि डीएमच्या निर्णयाचा.

मंत्राला नियम मोडता येतो का? येतो, पण मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. विशिष्ट मजकूर सर्वसाधारण नियमाच्या वर असतो. फायरबॉलची आग कोपऱ्याआड पसरते, कारण तसं त्या मंत्रात लिहिलेलं आहे. तुमच्या काजळीबद्दल काही लिहिलं नसेल, तर ती कोपऱ्याआड जात नाही. अशी प्रत्येक सूट मंत्राची ताकद वाढवते, म्हणून तिची किंमत दुसरीकडे वसूल करावी लागते.

इशारा: नियम मोडायचा असेल तर तो मंत्राच्या मजकुरात मोडा. सूचना मोडायची असेल तर कारण स्वतःच्या वहीत लिहा. ‘तेव्हा मजा आली होती’ हे कारण चालत नाही.

## टप्पा २: मंत्राचं मुख्य काम एका वाक्यात बांधा

डॅमेज देणं, शत्रूला अडवणं, हालचाल, माहिती, संरक्षण, बरं करणं. यांतलं एकच काम मुख्य हवं. दुसरं असलंच तर ते दुय्यम, म्हणजे थोडा वेळ टिकणारं किंवा कमी ताकदीचं. दोन्ही कामं पूर्ण ताकदीने करणारा मंत्र हा एका स्लॉटमध्ये टाकलेले दोन मंत्र असतो.

काजळीच्या बाबतीत खेळाडूला विचारा: भाजणं महत्त्वाचं की डोळे जाणं? इथे उत्तर मिळालं, डोळे जाणं. म्हणजे हा अडवणारा मंत्र आहे आणि डॅमेज दुय्यम.

इथेच दुसरा प्रश्नही विचारून घ्या. हे काम करणारा मंत्र आधीच आहे का? फक्त रूप बदलायचं असेल, तर जुना मंत्र घ्या, वर्णन बदला आणि थांबा. मॅजिक मिसाइलचे बाण कावळ्यांसारखे दिसले तर कशालाच धक्का लागत नाही. डॅमेजचा प्रकार बदलताना मात्र जपून. फायर आणि पॉयझन सहन करणारे मॉन्स्टर भरपूर आहेत, फोर्स आणि रेडियंट सहन करणारे फार थोडे. आकडे तेच ठेवून फायरचं फोर्स केलं, तरी मंत्र बळकट होतो.

## टप्पा ३: पातळी ठरवा, तीही तुलनेने

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पातळी तक्त्यावरून ठरत नाही, शेजारच्या मंत्रांवरून ठरते. किमान तीन मंत्र समोर ठेवा: त्याच पातळीचे दोन आणि वरच्या पातळीचा एक, जो तुमच्या मंत्रासारखं काम करतो.

काजळीसाठी हे तीन पुरतात.

- ब्लाइंडनेस/डेफनेस, दुसरी पातळी. पल्ला ३० फूट, एकच लक्ष्य, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, १ मिनिट, डॅमेज नाही. दर टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह. वरचा स्लॉट वापरला तर प्रत्येक पातळीमागे एक लक्ष्य वाढतं.
- शॅटर, दुसरी पातळी. पल्ला ६० फूट, १० फूट त्रिज्या, ३डी८ थंडर डॅमेज, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह साधला तर निम्मं.
- सनबीम, सहावी पातळी. ६० फूट लांबीची रेषा, ६डी८ रेडियंट आणि पुढच्या टर्नपर्यंत ब्लाइंडेड. कॉन्सन्ट्रेशन लागतं.

आता मसुद्याकडे पाहा. ब्लाइंडनेसने चार शत्रू आंधळे करायचे तर पाचव्या पातळीचा स्लॉट जातो, आणि तरीही त्यांना दर टर्नला सुटायची संधी असते. खेळाडूचा मसुदा दुसऱ्या पातळीच्या स्लॉटमध्ये चौघांना पकडतो, पुन्हा सेव्ह देत नाही आणि वर ४डी६ही देतो. डॅमेजचा तक्ता यावर एक अक्षर बोलत नाही, कारण आंधळं होण्याची किंमत त्या तक्त्यात नाहीच.

काही गोष्टींना पातळीचा उंबरठा ठरलेला आहे, तो ओलांडू नका. ३० फूट टेलिपोर्ट (मिस्टी स्टेप) आणि इनव्हिजिबिलिटी दुसऱ्या पातळीला येतात, उडणं आणि नुकत्याच मेलेल्याला उठवणं तिसऱ्याला, ५०० फुटांचा टेलिपोर्ट (डायमेन्शन डोअर) चौथ्याला. पहिल्या पातळीला उडण्याचा मंत्र दिलात की दरी, भिंत, खंदक अशा अडथळ्यांवर बेतलेली सत्रं चार लेव्हलभर निकामी होतात.

तपासा: तुमचा मंत्र मिळाल्यावर विझार्ड त्या पातळीचा दुसरा मंत्र तयार करून ठेवेल का? नाही, असं उत्तर येत असेल तर एक पातळी वर न्या किंवा ताकद कमी करा.

## टप्पा ४: डॅमेज मोजा

२०१४च्या तक्त्यातल्या पहिल्या पाच पातळ्या, कंसात सरासरी:

| पातळी | एक लक्ष्य | अनेक लक्ष्यं |
|---|---|---|
| कॅन्ट्रिप | १डी१० (५.५) | १डी६ (३.५) |
| १ | २डी१० (११) | २डी६ (७) |
| २ | ३डी१० (१६.५) | ४डी६ (१४) |
| ३ | ५डी१० (२७.५) | ६डी६ (२१) |
| ४ | ६डी१० (३३) | ७डी६ (२४.५) |
| ५ | ८डी१० (४४) | ८डी६ (२८) |

कॅन्ट्रिप सोडून बाकी आकडे सेव्ह साधला किंवा हल्ला चुकला तरी निम्मं डॅमेज बसेल असं धरून दिलेले आहेत. तुमच्या मंत्रात तसं नसेल तर २५ टक्के वाढवा. बरेच जण नेमकं हेच विसरतात आणि मंत्र उगाच दुबळा करून ठेवतात. हे गणित छापील मंत्रांत जुळतं. गायडिंग बोल्ट चुकला तर काहीच देत नाही, ११ला १.२५ने गुणलं की १३.७५ आणि त्याचे ४डी६ म्हणजे १४. स्कॉर्चिंग रे चे तीन किरण मिळून २१, आणि १६.५चे सव्वापट २०.६.

तरीही ही सूचनाच आहे. फायरबॉल तिसऱ्या पातळीला ८डी६, म्हणजे २८ देतो. तक्ता म्हणतो २१. बर्निंग हँड्स पहिल्या पातळीला ३डी६, म्हणजे १०.५ देतो, तक्ता म्हणतो ७. बर्निंग हँड्सचं कारण उघड आहे: १५ फुटांचा शंकू स्वतःपासून सुरू होतो, म्हणजे विझार्डला शत्रूच्या तोंडाशी जावं लागतं. फायरबॉलला असलं काहीच नाही. म्हणून तो तुलनेचा मापदंड म्हणून घेऊ नका. ‘फायरबॉल करतो, मग माझा का नाही’ या वादाचं उत्तर एवढंच, की फायरबॉल अपवाद आहे. लाइटनिंग बोल्टही ८डी६च देतो, म्हणून हे दोन सोडून तिसऱ्या पातळीचा दुसरा क्षेत्रमंत्र समोर ठेवा.

दर टर्नला डॅमेज देणारे मंत्र वेगळे मोजा. एका टर्नचं डॅमेज तक्त्याच्या साधारण निम्मं ते दोन तृतीयांश ठेवा आणि कॉन्सन्ट्रेशन लावाच. स्पिरिट गार्डियन्स ३डी८, म्हणजे १३.५ देतो, तिसऱ्या पातळीच्या २१च्या जवळपास दोन तृतीयांश. मूनबीम २डी१०, म्हणजे ११. क्षेत्र इतकं लहान की बहुधा एकच शत्रू सापडतो, म्हणून तो १६.५शी ताडायचा, तिथेही दोन तृतीयांशच.

डॅमेजशिवाय जो परिणाम असेल त्याची किंमत डॅमेजमधून कापा. काजळीत अडवणं मुख्य आहे, म्हणून आम्ही ४डी६चे २डी६ केले. सरासरी १४वरून ७.

## टप्पा ५: अवस्था किती वेळ टिकेल ते राउंडमध्ये मोजा

१ मिनिट म्हणजे १० राउंड. बहुतेक लढाया त्याच्या कितीतरी आधी संपतात. पुन्हा सेव्ह न देता ‘१ मिनिट’ लिहिणं म्हणजे ‘लढाई संपेपर्यंत’ असंच लिहिणं.

दोन्हींतला फरक एका उदाहरणात पाहा. डीसी १३चा होल्ड पर्सन (माणसाला जागीच थिजवणारा मंत्र), समोर विस्डम सेव्ह +२ असलेला बँडिट कॅप्टन. त्याला डी२०वर ११ किंवा जास्त हवेत, म्हणजे निम्मी शक्यता. तो फसला तर पहिला टर्न नक्की जातो, दुसरा जाण्याची शक्यता ५० टक्के, तिसरा २५ टक्के. बेरीज सरासरी दोन टर्न. सुरुवातीचा सेव्हही निम्म्या वेळा साधतो हे धरलं, तर एका स्लॉटमागे सरासरी एक टर्न. पुन्हा सेव्ह काढून टाकला की हाच मंत्र निम्म्या वेळा अख्खी लढाई संपवतो. मसुद्यातला एक शब्दही न वाढवता मंत्र कितीतरी पटींनी मोठा होतो, आणि वरवर वाचताना हे कळत नाही.

मग क्षेत्रात किती जण सापडतील ते पाहा. नकाशा नसेल तर गाइडमधला अंदाज वापरा: गोलाची त्रिज्या भागिले ५, शंकूची लांबी भागिले १०, रेषेची लांबी भागिले ३०, अपूर्णांक वरच्या अंकाला. २० फूट त्रिज्येत ४ लक्ष्यं, १० फुटांत २.

आता मसुदा मोजा. चार ऑर्क, कॉन्स्टिट्यूशन +३, डीसी १३. प्रत्येक जण ४५ टक्के वेळा फसेल. म्हणजे जवळपास दोन ऑर्क पूर्ण लढाई आंधळे. ब्लाइंडेड अवस्थेत त्यांचे हल्ले डिसॲडव्हान्टेजने (दोन डी२० टाकून लहान आकडा घेऊन) होतात आणि त्यांच्यावरचे ॲडव्हान्टेजने (मोठा आकडा घेऊन). शिवाय ज्या मंत्रांना ‘दिसणारा प्राणी’ लागतो ते आंधळा शत्रू टाकूच शकत नाही आणि त्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅकही (जवळून निसटणाऱ्यावरचा हल्ला) करता येत नाही. या शेवटच्या दोन गोष्टी हिशोबात धरायच्या राहून जातात.

तीन ठिकाणी कात्री लावली: त्रिज्या २० ऐवजी १० फूट, पल्ला १२० ऐवजी ६० फूट, आणि आंधळेपणा मंत्र टाकणाऱ्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंतच. एका राउंडचा परिणाम असल्यामुळे पुन्हा सेव्ह लागत नाही, कॉन्सन्ट्रेशनही लागत नाही, आणि टेबलावर लक्षात ठेवायचंही कमी होतं. ‘पुढच्या टर्नच्या शेवटी’ लिहिलं असतं तर विझार्डला स्वतःच्या पुढच्या हल्ल्यावरही ॲडव्हान्टेज मिळाला असता. सुरुवात की शेवट, हा एक शब्द तोलूनच लिहा.

सेव्ह कुठला निवडायचा? कॉन्स्टिट्यूशनमध्ये मोठे मॉन्स्टर बहुधा बळकट असतात, इंटेलिजन्समध्ये बरेचसे कच्चे. ओगरचं कॉन्स्टिट्यूशन +३, विस्डम −२, इंटेलिजन्स −३. डोळ्यांत काजळी जाते आणि सेव्ह इंटेलिजन्सचा, असा मसुदा आला तर तो खेळाडूने मुद्दाम केलाय असं समजून सरळ बदला.

## टप्पा ६: ॲक्शन, घटक आणि किंमत

हा डाव्या भागातला मामला आहे, इथे सैल सोडू नका.

लढाईतला मंत्र डीफॉल्ट १ ॲक्शनचा. बोनस ॲक्शन दिलीत तर एक पातळी वाढल्यासारखी समजा, कारण उरलेल्या ॲक्शनमध्ये हल्ला किंवा कॅन्ट्रिप शिल्लक राहतो. रिॲक्शनच्या (दुसऱ्याच्या कृतीला उत्तर म्हणून टाकायच्या) मंत्राला ठिणगी, म्हणजे तो कधी टाकता येतो ते, नेमकी लिहा. ‘शत्रू धोका निर्माण करतो तेव्हा’ यावर दर सत्रात वाद होईल. ‘६० फुटांच्या आत दिसणारा प्राणी हल्ला करतो तेव्हा’ यावर होणार नाही.

किंमत न लिहिलेला मटेरिअल घटक फोकसने (मंत्र टाकायची कांडी वगैरे) किंवा घटकांच्या पिशवीने भागतो. किंमत लिहिली की ती वस्तू प्रत्यक्ष लागते, आणि ‘खर्च होते’ असं लिहिलं तरच ती संपते. रिव्हिव्हिफायचे (नुकत्याच मेलेल्याला उठवणारा मंत्र) ३०० सुवर्ण नाण्यांचे हिरे संपतात, म्हणून तिथे किंमत हा खरा लगाम आहे. पण जास्त ताकदीच्या लढाईच्या मंत्राला ५० नाण्यांची पूड लावून तोल साधत नाही. गटाकडे पैसा आला की लगाम सुटतो आणि मंत्र तसाच राहतो.

रिच्युअल खूण लावली की १० मिनिटं जास्त मोजून स्लॉटशिवाय मंत्र टाकता येतो. माहिती, पहारा, प्रवास यांना ती शोभते. बरं करणाऱ्या किंवा डॅमेज देणाऱ्या मंत्राला कधीच लावू नका. त्याच कारणाने बरं करणारा कॅन्ट्रिपही देऊ नका: लढाईनंतर सगळे जण फुकटात पूर्ण बरे होतील आणि विश्रांती, औषधं, क्लेरिकचे स्लॉट यांना अर्थ उरणार नाही.

## टप्पा ७: मजकूर लिहा

क्रम ठरलेला ठेवा: कुठे, कोणावर, कुठला सेव्ह, फसला तर काय, साधला तर काय, किती वेळ, आणि शेवटी वरचा स्लॉट.

> काजळी
> दुसरी पातळी, इव्होकेशन (सॉर्सरर, विझार्ड)
> कास्टिंग टाइम: १ ॲक्शन
> पल्ला: ६० फूट
> घटक: व्हर्बल, सोमॅटिक, मटेरिअल (चिमूटभर काजळी)
> कालावधी: तात्काळ
>
> पल्ल्यातल्या, तुम्ही निवडलेल्या बिंदूवर तापलेल्या काजळीचा स्फोट होतो. त्या बिंदूभोवती १० फूट त्रिज्येच्या गोलातल्या प्रत्येक प्राण्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्हिंग थ्रो करावा. तो फसला तर त्या प्राण्याला २डी६ फायर डॅमेज बसतं आणि तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत तो ब्लाइंडेड होतो. साधला तर निम्मं डॅमेज बसतं आणि तो ब्लाइंडेड होत नाही. स्फोटानंतर काजळी लगेच विरते.
>
> वरच्या पातळीवर: तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या स्लॉटने टाकल्यास दुसऱ्यावरच्या प्रत्येक पातळीमागे डॅमेज १डी६ने वाढतं.

‘प्रत्येक प्राणी’ यात मित्रही आले आणि स्वतः विझार्डही. मित्रांना वगळायचं असतं तर ती वेगळी सूट ठरली असती. ‘लगेच विरते’ नसतं तर खेळाडूने पुढच्या टर्नला धुक्यासारखा आडोसा मागितला असता. लाकूड, कापड पेटतं असं लिहिलेलं नाही, म्हणून पेटत नाही. वरच्या स्लॉटला त्रिज्या किंवा कालावधी वाढत नाही, फक्त फासे वाढतात.

नियमांत आहे ते मंत्रात पुन्हा लिहू नका. डोळे नसलेल्या ग्रे ऊझच्या माहितीतच ब्लाइंडेडपासून सूट दिलेली आहे. ती इथे लिहिली तर पुढचा मॉन्स्टर यादीत नाही म्हणून वाद निघेल.

तपासा: मंत्र न पाहिलेल्या कुणाला तरी मजकूर वाचायला द्या आणि तीन प्रश्न विचारा. भिंतीआडच्या शत्रूवर चालतो का? मित्राला लागतो का? नेमका कधी संपतो? एकाही उत्तरासाठी तुम्हाला मध्ये बोलावं लागलं, तर मजकूर अपुरा आहे.

## टप्पा ८: चाचणी

खेळाडूला आधीच सांगा की मंत्र तीन सत्रं चाचणीवर आहे आणि आकडे बदलू शकतात. नंतर सांगितलं तर त्याला काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्तच आहे.

सत्राआधी कागदावर दोन लढाया करून पाहा.

एक मोठा शत्रू. ओगर, ५९ हिट पॉइंट. डीसी १३ला तो ५५ टक्के वेळा सुटतो. काजळीचं सरासरी डॅमेज सुमारे ५, शॅटरचं साडेनऊच्या आसपास. म्हणजे साडेचार-पाच डॅमेज सोडून ४५ टक्के शक्यतेने एका राउंडचा आंधळेपणा मिळतोय. निवड खरी आहे, उत्तर आधीच ठरलेलं नाही.

लहान शत्रूंचा घोळका. गोब्लिन, ७ हिट पॉइंट, कॉन्स्टिट्यूशन +०. सेव्ह फसलेला गोब्लिन २डी६ने सुमारे ५८ टक्के वेळा मरतो. जुन्या मसुद्याच्या ४डी६ने तो जवळपास नक्की मेला असता, आणि सेव्ह साधूनही निम्म्याहून जास्त वेळा.

प्रत्यक्ष खेळताना तीन खुणांवर नजर ठेवा. दुसऱ्या पातळीचे सगळे स्लॉट याच मंत्रावर जातात का? तीन सत्रांत एकदाही वापरला गेला नाही का? आणि सर्वांत महत्त्वाची: या मंत्रामुळे तुम्ही शत्रू बदलू लागलात का, सगळ्यांना अचानक कॉन्स्टिट्यूशन जास्त द्यायला लागलात का? तसं होत असेल तर मॉन्स्टर पूर्वीसारखे ठेवा आणि मंत्र दुरुस्त करा. लेजेंडरी रेझिस्टन्स असलेल्या शत्रूवरचा निकाल चाचणीत धरू नका, तो फसलेला सेव्ह साधलेला करून घेतो आणि मंत्राबद्दल काहीच सांगत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच आकडा हलवा. क्रम असा: आधी डॅमेज एका फाशाने, मग त्रिज्या ५ फुटांनी, मग कालावधी, आणि सगळ्यात शेवटी पातळी. दोन आकडे एकदम हलवले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

सत्राच्या मध्येच मंत्र हाताबाहेर जाताना दिसला, तर तिथल्या तिथे मजकूर बदलू नका. त्या दिवशी लिहिलंय तसं चालू द्या, बदल सत्र संपल्यावर. बदललेला मंत्र खेळाडूला नको असेल तर त्याच पातळीचा दुसरा मंत्र विनाखर्च घेऊ द्या. विझार्डला मंत्र वहीत उतरवायला प्रत्येक पातळीमागे २ तास आणि ५० सुवर्ण नाणी लागतात. चाचणीतल्या मंत्राच्या दुरुस्त प्रतीसाठी तो खर्च पुन्हा घेऊ नका.